मंगळवारच्या डब्याची नोंद

दस्तगीर शेख हवालदार घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचे. कुणी काही सांगायला लागलं की आधी हात उलटा करून वेळ बघायचे आणि मग माणसाकडं. नव्या माणसाला वाटायचं, यांना कुठं जायची घाई आहे. घाई त्यांना कशाचीच नव्हती. "आधी वाजले किती ते ठरू दी, मग तुझं काय ते सांग," असं त्यांचं असायचं. घड्याळ चावीचं होतं, काचेला तडा गेलेला. रोज सकाळी सात-पाचच्या बातम्या लागल्या की रेडिओशेजारी उभं राहून ते लावून घ्यायचे. बातम्या काय होत्या ते त्यांना विचारलं तर सांगता यायचं नाही.

मी त्यांना मामा म्हणायचे. सगळेच पोलिसांना मामा म्हणतात तसं ते सुरुवातीचं होतं. नंतर ते खरं झालं.

मी हिंगोलीकडची. सहावीत शाळा सुटली. लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर कुरकुंभला आले. तो एका केमिकल कंपनीत कंत्राटी कामगार, मी कामगारांच्या खानावळीत पोळ्या लाटायची. इथली भाषा मराठीच, पण माझं 'का'ऐवजी 'कामून' ऐकलं की बाया हसायच्या. माहेर एका रात्रीच्या प्रवासावर. अडीअडचणीला हाक मारावी असं माणूस नाही. त्यात मला कागदाची फार भीती. आमच्या घरी कागद यायचा तो कशाची तरी नोटीस घेऊनच. कुणी पेन उघडलं की मी दोन पावलं मागं सरायची. अजून सरते.

पंच्याण्णव-शहाण्णवचा सुमार असेल. कंपनीतून तांब्याच्या तारेची भेंडोळी चोरीला गेली. एका मंगळवारी पहिली शिफ्ट लागायच्या वेळेला पोलिसांची जीप गेटवर आली आणि बाहेरगावचे म्हणून तिघांना घेऊन गेली. दोघांना दहा वाजेपर्यंत सोडून दिलं. माझा नवरा आला नाही.

हायवेलगतचं ते ठाणं. नाव लिहीत नाही, ती माणसं आता तिथं नाहीत. मी डबा घेऊन गेले. दुसरं काय घेऊन जायचं ते सुचलंच नाही. दारातला शिपाई म्हणाला, "असा कुणी आणलेला नाही, जा." मागच्या खोलीतून आवाज येत होता. आवाज नवऱ्याचा होता. मी पायरीवर बसून राहिले.

दुपारी एकच्या पुढं दारातला शिपाई जेवायला गेला. आत टेबलापाशी एक उंच, वाळका माणूस लिहीत बसला होता. मिशा पांढऱ्या, टोपी टेबलावर उपडी. त्यानं मान वर न करता विचारलं, "बाई, कवाधरनं बसलायसा? काय हाय हातात?"

"डबा हाय, साहेब."

"कुणाला?"

"घरच्यांना."

त्यांनी मनगट उलटं केलं, वेळ बघितली. मग मोठं रजिस्टर पुढं ओढलं आणि पेन उघडलं. मी हात जोडले. "लिहू नका साहेब. माझं नाव कामून लिहिता? मी काहीच केलं नाही."

"घाबरू नका. नाव सांगा. पूर्ण."

"सुनीता खिल्लारे."

"मधलं?"

आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेते तेवढंच. मी पदर तोंडाला लावून उभी, आणि आतून तो आवाज.

"मधलं नाव सांगितल्याबिगर लिवता यायचं न्हाई, बाई," ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "आन् लिवल्याबिगर डबा आत जायचा न्हाई."

मी म्हणाले, "भगवान."

त्यांनी लिहिलं. डबा उघडून बघितला. दोन भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. कांदा फोडलेला नव्हता, तर म्हणाले, "आत बुक्की मारून फोडायची ताकद असंल का त्याच्यात?" आणि स्वतःच टेबलाच्या कडेवर फोडून डब्यात ठेवला. डबा घेऊन आत गेले. तासाभरानं रिकामा डबा आणून दिला आणि परत मनगट उलटं करून काहीतरी लिहिलं. मला वाटलं, आता माझ्यावरही केस होणार. घरी येऊन मी दाराला आतून कडी लावून बसले.

बुधवारी मला फाटकाच्या आतही येऊ दिलं नाही. गुरुवारी संध्याकाळी कळलं, नवऱ्याला 'आज पकडलं' म्हणून दाखवलंय. पळताना पडला म्हणून पायाला लागलंय, असंही लिहिलंय. शुक्रवारी दौंडच्या कोर्टात त्याला उभं केलं तेव्हा दोन शिपायांनी काखेत धरलं होतं. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "मारहाण झाली का?" नवरा माझ्याकडं बघत म्हणाला, "नाही साहेब." मागं ठाण्याचे फौजदार उभे होते. जबाबावर अंगठा घेतलेला होता. माझ्या नवऱ्याला सही येते.

कोर्टाच्या आवारात एक तरुण वकीलबाई होत्या. मी नुसती रडतेय बघून त्यांनीच विचारलं. मी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "गुरुवारी कसं पकडलं म्हणतात? मी तर मंगळवारीच डबा दिला."

वकीलबाई चालता चालता थांबल्या. "डबा कुणी घेतला? काही लिहिलं का त्यानं?"

"लिहिलं ना," मी म्हणाले. "मी नको नको म्हणत होते."

ठाण्याची डायरी काय असते ते मला तेव्हा कळलं. चोवीस तासांत ठाण्यात जे जे घडेल, कोण आलं, कोण गेलं, ते वेळेसकट त्यात उतरवायचं असतं. खाली कार्बन असतो आणि दुसरी प्रत रोजच्या रोज वरच्या ऑफिसात जाते. म्हणजे ठाण्यातलं पान कुणी फाडलं तरी वरचं राहतं. वकीलबाईंनी कोर्टाकडून ते वरचं पान मागवलं. फौजदारांवर चौकशी लागली. आणि माझ्या नवऱ्याचं पुढचं सगळं आयुष्य, चोर म्हणून जायचं की माणूस म्हणून, ते दस्तगीर हवालदार कोर्टात काय बोलतात यावर येऊन थांबलं.

मधल्या दिवसांत त्यांना काय काय ऐकावं लागलं ते मला त्यांच्या बायकोनं, मामींनी, पुष्कळ वर्षांनी सांगितलं. फौजदार घरी येऊन चहा पिऊन गेले होते. "शेख, फक्त एवढंच सांगा की डबा दुसऱ्या कुणाचा होता. माणूस चुकतो. तुमचं वय झालंय." बरोबरचे शिपाई जेवायला शेजारी बसेनात. एकानं त्यांच्या टेबलावर रिकामा डबा आणून ठेवला, आत चिठ्ठी, 'याची पण नोंद घ्या.' मामांनी घेतली. वेळ टाकून, 'टेबलावर एक बेवारस डबा मिळून आला.' डबा ज्याचा होता त्याला मग तो घरी न्यायची पंचाईत झाली.

असे ते आधीपासूनच होते म्हणे. एकदा चोरीच्या गुन्ह्यात एक शेळी जप्त होऊन ठाण्यात बांधली होती. मामा रोज डायरीत लिहायचे, शेळीस पाला दिला, शेळीस पाणी दिले. सगळे हसायचे, "शेख, शेळीचा जबाब घ्या आता." महिन्याभरानं मालक आला आणि म्हणाला, माझी शेळी तुम्ही उपाशी ठेवली, नुसता सापळा राहिलाय. मामांनी रजिस्टर त्याच्यापुढं ठेवलं. मालकानं वाचलं, शेळीकडं बघितलं आणि म्हणाला, "मग माझ्याकडंच तिला खायला कमी मिळत हुतं म्हनायचं." ही गोष्ट सांगताना मामा कधी हसले नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काय ते कळायचं नाही.

कोर्टात ते आले तेव्हा वर्दी कडक इस्त्रीची होती. मी मागच्या बाकावर. नवरा जामिनावर, काठी घेऊन माझ्याशेजारी. फौजदारांचे वकील पुण्याहून आले होते. त्यांनी पान हातात घेऊन वाचलं आणि विचारलं, "यात आरोपीला ठाण्यात आणल्याची नोंद कुठं आहे?"

"न्हाई, साहेब."

"म्हणजे मंगळवारी आरोपी ठाण्यात नव्हता."

"व्हता."

"मग त्याचं नाव दाखवा यात."

मामा म्हणाले, "बायकोच्या नावात हाय, साहेब. सुनीता भगवान खिल्लारे. मधलं वाचा."

वकील थोडे हसले. "ती बाई डबा घेऊन आली, एवढंच यातून दिसतं. डबा कुणाला दिला ते कुठं लिहिलंय? आत दुसरंही कुणी असेल."

"तिनं नवऱ्याला आणला व्हता. बाईला नवरा एकच असतो, साहेब."

मागं कुणीतरी खुसखुसलं. मॅजिस्ट्रेटनी वर बघितलं, तसं शांत झालं.

"हवालदार, ठाण्यात माणूस आणला ते तुम्ही लिहिलं नाही आणि भाकरी आणली ते लिहिलं? असं का?"

मामांनी सवयीनं मनगट उलटं केलं, पण घड्याळाकडं बघितलं नाही. म्हणाले, "माणसाचं लिवू नको असा हुकूम व्हता. डब्याचं कुणी काय बोललं नव्हतं. एक वाजून धा मिन्टांनी डबा आत गेला. दोन वाजून पाच मिन्टांनी रिकामा बाहेर आला, तीबी नोंद खाली हाय. मंगळवारी त्या माणसानं माझ्यासमोर भाकरी खाल्ली, साहेब. गुरुवारी पळताना पडायला तो मोकळा नव्हता. आन् मंगळवारीच त्याला पाय टेकता येत नव्हता. भाकरी म्या मोडून दिली."

माझा नवरा त्या दिवशी पहिल्यांदा रडला. मार खाताना रडला नव्हता असं तो म्हणतो.

पुढं नवरा केसमधून सुटला. तांब्याची तार कुणी नेली ते शेवटपर्यंत सापडलं नाही. फौजदार काही महिने निलंबित झाले, मग दुसरीकडं रुजू झाले. नवऱ्याचा डावा पाय घोट्यात वळत नाही, तो तसाच राहिला. या सगळ्याला न्याय म्हणायचं का, मला ठरवता येत नाही. पण माझ्या मुलाला शाळेत कुणी चोराचा म्हणालं नाही, एवढं मला माहीत आहे.

मामांची बदली झाली. ट्रेझरीवर पहारा. बंदूक घेऊन कुलपासमोर उभं राहायचं. तिथं लिहायला काही नव्हतं. त्यांना जमादार व्हायचं होतं ते झालेच नाहीत. हवालदार म्हणूनच निवृत्त झाले. निरोपाला ऑफिसातून दोघं आले, नारळ देऊन लगेच गेले. मी आणि नवरा शाल घेऊन गेलो होतो. शाल घालताना नवऱ्याला पुढं वाकता येईना, तर मामाच गुडघ्यात वाकले.

शिरूर तालुक्यात नदीकाठी त्यांचं गाव. पिढ्यान् पिढ्या तिथलेच. निवृत्तीनंतर भावाबरोबर झेंडू आणि कांदा करायचे. वर्षातून एकदा आम्ही जायचो. दारात दोन-चार माणसं बसलेली असायची. कुणाच्या मुलाला रात्री उचललेलं, कुणाच्या भावाला. पाल ठोकून राहणारी गरीब माणसं जास्त. कुठं चोरी झाली की आधी जीप त्यांच्याकडंच जायची. मामा कुणाला वकिलाचं नाव सांगायचे नाहीत, आधी हेच सांगायचे, "डबा घिऊन जा. बाईमाणूस जाऊ दी. पूर्ण नाव सांगायचं आन् म्हणायचं, मामा, वेळ टाका."

आजूबाजूच्या गावांत मग तशी पद्धतच पडली. कुणाला उचललं की चूल पेटायची. पुढं पुढं काही ठाण्यांनी डबा घेणंच बंद केलं. कुणीतरी हे मामांना सांगितलं. ते झेंडूची फुलं खुडत होते. म्हणाले, "मंजी डब्याला भ्यायला लागले. चांगलं हाय. आता दारात बसून ऱ्हायचं. दारात बसल्यालं दहा जणांना दिसतं."

त्याच सुमारास ठाण्याठाण्यांत बोर्ड लागले, अटक केली तर घरच्यांना कळवायचं, चोवीस तासांत कोर्टापुढं न्यायचं, असे सगळे नियम. नवऱ्याला फार आनंद झाला. मामा म्हणाले, "बोर्ड भिंतीवर हाय. लिवणारा टेबलावर बसतो. टेबलावरचा बघा."

त्यांच्या या लिहिण्याच्या वेडाला मी बरेच दिवस स्वभाव समजत होते. एकदा मामा शेतात गेले असताना मामींनी कांदे निवडता निवडता सांगितलं. खूप आधी, नोकरी नवी असताना, दुसऱ्या जिल्ह्यात, एका तरुणाला ठाण्यात आणलं होतं. साहेब म्हणाले, लिहू नको. यांनी लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याची म्हातारी आई विचारायला आली. यांनी डायरी उघडली, पान उलटलं आणि म्हणाले, "आजी, हितं तसं कुणी आणल्याची नोंद न्हाई." म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं त्या पानाला हात लावून नमस्कार केला आणि गेली. तिचा मुलगा परत घरी आला नाही. काय झालं ते कुणालाच सिद्ध करता आलं नाही, कारण तो तिथं आलाच नव्हता.

"तोंडानं खोटं न्हाई बोलले," मामी म्हणाल्या. "पण कागद दावून बोलले. त्येचंच त्यांना लागलं. तवापासनं नमाज चुकंल, पण वेळ टाकायची चुकायची न्हाई."

मी कांदे निवडत राहिले. मामा आले तेव्हा त्यांच्याकडं बघवेना.

आमची शेवटची भेट दोन हजारनंतरची. मुलगा दहावी झाला म्हणून पेढे घेऊन मी एकटीच गेले होते. मामा थकले होते, ऐकू कमी यायचं. मी खूप दिवस मनात असलेलं विचारलं, "मामा, त्या दिवशी मधलं नाव तुम्ही मुद्दाम विचारलंत ना?"

त्यांनी हात उलटा केला. घड्याळ सैल झालं होतं, कोपराकडं सरकलेलं. ते खाली ओढून वेळ बघितली. म्हणाले, "तू लिवू नका म्हणून हात जोडलेस. साहेबबी लिवू नका म्हणले व्हते. म्या इचार केला, भ्यालेलं माणूस आन् भेवडावणारं माणूस, दोघं एकच मागत्यात. मंजी लिवलंच पायजे."

मग स्टँडवर सोडायला आले. मी नको म्हणत होते. गावचं स्टँड छोटं, एक शेड आणि नियंत्रकाची खोली. गाडी अकरा दहाची, ती आली अकरा पस्तीसला. मी चढले, खिडकीशी बसले. मामा माझ्याकडं बघून हात करतील असं वाटलं. ते नियंत्रकाच्या खिडकीशी गेले होते. त्यानं रजिस्टरमध्ये काय लिहिलं ते वाकून बघत होते.

"अकरा धा का लिवलं? अकरा पस्तीसला आली."

तो तरुण होता, ओळखीचाच. "जाऊ द्या ना मामा. पंचवीस मिनिटांनी कुणाचं काय अडतंय?"

"ते तुला आन् मला काय ठावं?" मामा म्हणाले. "म्हणून तर लिवायचं."

गाडी सुटली. मी मान वळवून मागं बघत राहिले. त्या माणसानं पेन उचललं की नाही ते दिसलं नाही. त्या हिवाळ्यात मामा गेले, मला आठ दिवसांनी कळलं. मला ते दिसतात ते तसेच, पाठमोरे. एका हातानं खिडकीचा गज धरलेला, दुसरं मनगट उलटं करून त्या मुलापुढं धरलेलं, आणि तो लिहीपर्यंत तिथून न हलणारे.